डबीतला जोडीदार

परवा फोनच्या पडद्यावर धाकट्याने मला त्याचा नवा प्राणी दाखवला. सहा पाय, पोपटाची चोच, पाठीवर पंखा. म्हणाला, "आजी, तुला नाही कळणार. यात आपला प्राणी आपणच बनवायचा असतो." मी म्हटलं, मला कळतं. मागे उभी असलेली थोरली हसली. तिला वाटलं, म्हातारी उगाच म्हणते आहे. म्हणजे ती विसरली. म्हणून बसून लिहिते आहे. पुढे जिथे "तू" म्हणेन तिथे थोरलीला म्हटलं असं समजावं. धाकटा तेव्हा जन्मला नव्हता.

तू आठ वर्षांची होतीस. तुझ्या बाबांना रजा नव्हती, म्हणून परदेशातून तू आणि तुझी आई दोघीच आला होतात. तुमच्या शाळेची सुट्टी संपायच्या आत पोळा येत होता, असं वर्ष क्वचित येतं. म्हणून मी दोन महिने आधीच ठरवून ठेवलं होतं की तान्ह्या पोळ्याला तू माझ्या दारातून नंदी काढायचा. तान्हा पोळा म्हणजे मोठ्या पोळ्याचा दुसरा दिवस. खऱ्या बैलांचा सण झाला की मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघर नेतात आणि खाऊ मिळवतात. हा आपल्या विदर्भातलाच सण. तुझ्या बाबांचा सागवानी नंदी मी माळ्यावर जुन्या साडीत गुंडाळून ठेवला होता. तो उतरवला, चाकांना तेल दिलं, शिंगं रंगवली, डोळ्यांत काजळासारखी काळी रेघ ओढली. आमच्या कॉलनीच्या तान्ह्या पोळ्याचं काम माझ्याकडेच असायचं. नियमही मीच लिहिले होते: नंदी लाकडाचा हवा, एका मुलाचा एक, आणि रांग मोडायची नाही.

तू आलीस ती हातात व्हिडिओ गेमची डबी घेऊन. पावडरच्या डबीसारखी उघडायची, आत दोन पडदे, खालच्या पडद्यावर टोचायला एक बारीक काडी. तू मला सांगितलंस की हाच खेळ घरी तुमच्या कॉम्प्युटरवरही आहे आणि तो खूप मोठा आहे. तिथे प्राण्याचा पाठीचा कणा धरून हवा तसा ओढता येतो, वाकवता येतो, पोट फुगवता येतं. डबीत तेवढी जागा नाही. इथले प्राणी चपटे, कागद कापून चिकटवल्यासारखे. पाय, डोळे, तोंडं, शेपट्या तयार असतात, त्या खेळात हिंडून गोळा करायच्या आणि जोडायच्या. "हा खेळ छोटा आहे, पण तो सोबत येतो," तू म्हणालीस. मला वाक्य आवडलं.

मी रीतसर तयारी केली. डबीबरोबरची इंग्रजी पुस्तिका तू उघडलीही नव्हतीस, ती मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. कोणत्या तोंडाने पानं खाता येतात, कोणत्या तोंडाने मांस. कोणते पाय वेगाचे, कोणते लढाईचे. दुसऱ्या प्राण्याशी मैत्री करायची तर पडद्यावरच्या वर्तुळांना तालात कसं टोचायचं. मग मी तुझ्या शेजारी बसून सल्ले देऊ लागले. "हे पाय काढ, ते लाव. त्यांना गुण जास्त आहेत." तू लावलेस. गुणांच्या हिशेबाने तो प्राणी उत्तम झाला. तू त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलंस आणि म्हणालीस, "आजी, हा कोणीच नाहीये." आणि पुसून टाकलास.

तरी एका बाबतीत माझ्याशिवाय तुझं चालत नव्हतं. तुमची वीज वेगळी, आमची वेगळी. डबीचा चार्जर सरळ आपल्या भिंतीत लावला असता तर जळाला असता. तुझे आजोबा गेल्यावरही मी त्यांचा एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर जपून ठेवला होता. तुझ्या बाबांनी पूर्वी तिकडून मिक्सर पाठवला होता, त्यासाठी आणलेला. विटेएवढा जड, चालू केला की गुणगुणायचा. लोडशेडिंगची वेळ सांभाळून मी रोज सकाळी डबी त्याला जोडून द्यायचे. नारिंगी दिवा विझला की डबी भरली. तू तोंड न धुता येऊन विचारायचीस, "झाली?" दिवसातला तो माझा सर्वांत आवडता क्षण होता.

मग तुम्ही बाभुळगावकडे, तुझ्या आईच्या माहेरी गेलात.

तुझ्या आईची आई, म्हणजे माझी विहीण, मला इनबाई म्हणायची. तू तिला माय म्हणायचीस, कारण त्या घरात सगळेच तिला माय म्हणत. मी आजी. आजी हा शब्द चांगला आहे, त्यात आदर आहे. पण तू अंगणातून "मा-य!" अशी हाक मारायचीस तेव्हा ती जशी घरभर जायची, तशी "आजी" कधी गेली नाही. हे मी फोनवरूनसुद्धा ऐकलं आहे.

चार दिवसांसाठी गेलीस ती दहा दिवस राहिलीस. मध्ये एकदा कपडे घ्यायला आलीस तेव्हा म्हणालीस, "आजी, मले दे ना पाणी."

"मला," मी म्हटलं.

"तुले पण देऊ?" तू विचारलंस.

मी पाणी दिलं. एका भाषेत तुला जे शिकवायला मी दोन वर्षं फोनवर धडपडत होते, ते त्या बाईने थोड्याच दिवसांत, न शिकवता, दुसऱ्याच भाषेत करून टाकलं होतं.

डबी भरून न्यायला तू तेवढी मात्र येत राहिलीस. तुझा मामा मोटारसायकलवर आणायचा, मी डबी जोडायचे, आणि तास-दीड तास तू माझी असायचीस. त्या वेळात तुझ्या तोंडी फक्त एक बैल होता.

तो बैल मेलेला होता. ती कापसाची वाईट वर्षं होती. आपल्या जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर असायचं, तुझे बाबा तिकडून विचारायचे, "सगळं ठीक ना?" आणि मी पेन्शनच्या घरातून "ठीक" म्हणायचे, कारण आमच्या कॉलनीत ठीकच होतं. माहेरी तुझ्या मामाची जोडी होती, त्यातला एक बैल चैत्रात म्हातारपणाने गेला. नवा घ्यायचं त्यांनी पुढच्या हंगामावर ढकललं. शेजाऱ्याकडेही एकच उरला होता, तेव्हा दोघं मिळून जोडी जुंपायचे. पण पोळ्याला शेजाऱ्याचा बैल शेजाऱ्याच्या दाराशीच जाणार. गावचे बैल जिथे जोडीने उभे करतात त्या तोरणाखाली मायचा बैल एकटा उभा राहणार होता. तिला त्याची खंत होती, आणि ती खंत तिने तुला सांगितली. मी कुठलीही खंत आठ वर्षांच्या मुलीला सांगितली नसती.

तू म्हणालीस, मी जोडीदार बनवते.

मग तुम्हा दोघींचा उद्योग सुरू झाला. ती सांगायची, तू शोधायचीस. गेलेल्या बैलाचं उजवं शिंग वाकडं होतं. डबीत वाकडं शिंग नव्हतं, म्हणून तू खेकड्याची नांगी आडवी लावलीस. वशिंड नव्हतं, तिथे माशाचा पर. शेपटी सरड्याची. कपाळावर चांदणी हवी होती, तिथे तू एक जादा डोळा बसवलास. मला तू तो मोठ्या अभिमानाने दाखवलास. खरं सांगते, तो बैल दिसत नव्हता. आजारी देवमासा दिसत होता.

"माय म्हणते अस्साच होता," तू म्हणालीस.

मी म्हटलं, "घरी गेलीस की कॉम्प्युटरवर नीट बनव. तिथे वशिंड ओढता येईल, शिंग वाकवता येईल. घाई कशाला?"

"माय तिकडे येणार नाही ना," तू म्हणालीस.

मीही तिकडे येणार नव्हते. ते तुझ्या लक्षात आलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणीला त्यांनी मला मानाने बोलावलं. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे धरलेले असतात. त्या संध्याकाळी ते गरम पाण्याने शेकतात, तूप-हळद चोळतात आणि दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आमंत्रण देतात. मी बाजेवर बसले. विहिणीने बैलाचा खांदा चोळला, हळद लावली आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग लुगड्याला हात न पुसता ती तुझ्याकडे वळली.

"आन वं तुया बैल."

तू डबी उघडून धरलीस. तिने तुपा-हळदीचं बोट सरळ पडद्यावर, त्या माशाच्या पराशी टेकवलं. पडद्याला स्पर्श झाला की प्राणी उडी मारतो, हे पुस्तिकेच्या सातव्या पानावर आहे. त्याने उडी मारली. विहीण दचकली, मग इतकी हसली की डोक्यावरचा पदर खाली आला.

"पाहा इनबाई, गुदगुल्या होऊन राह्यल्या त्याले! आज आवतन घ्या बापा, उद्या जेवाले या."

"माय, अजून!" तू ओरडलीस. तिने अजून चोळलं. बैल नाचत होता. पडदा पिवळा झाला होता. मी चष्म्याचं फडकं काढून पुढे झाले. "अहो, बिघडेल ते. द्या, पुसते."

"पुसू नका वं, आत्ता तं शेकला त्याले."

आणि तू डबी माझ्यापासून लांब धरलीस. फार नाही, वीतभर. मला दुसऱ्या दिवशी कॉलनीची तयारी होती, म्हणून मी शेवटच्या गाडीने परत आले. सगळ्या वाटेने ती वीत माझ्याबरोबर होती.

पोळ्याच्या दिवशी रात्रीचा स्वयंपाक होता होता तुझ्या आईचा फोन आला. तोरणाखाली मामाचा बैल उभा राहिला, त्याच्या डाव्या अंगाला तू डबी उघडून उभी राहिलीस. यंदा बैल कमीच होते, त्यामुळे गावाला ही नवी जोडी पाहायला सवड होती. सकाळपासून ज्याला त्याला दाखवून झालं होतं. बैल घरी आले, पुरणपोळी पुढे आली, आणि डबीचा दिवा लाल होऊन ती बंद पडली. आवतन दिलेला बैल जेवलाच नाही. तू रडून रडून झोपलीस.

"उद्या येता ना?" मी विचारलं.

आई म्हणाली, "तिला इथेच नंदी काढायचा आहे म्हणते. माझ्या दादाचा लहानपणचा आहे एक. बघते समजावून."

सकाळी मी नंदीला झूल घातली. गळ्यात घुंगरू बांधलं. दोरी नवी घेतली होती, तुझ्या हाताच्या उंचीला कापून. कॉलनीतली मुलं येऊन पाहून गेली. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं, "नात येतेय ना?" दोनदा मी "हो तर" म्हणाले. मला तेव्हा फक्त एवढंच हवं होतं, की तू या दारातून ही दोरी धरून निघावंस. तुझे बाबा निघायचे तसं. दुपार झाली, पुरण वाटून झालं. मी फाटकापर्यंत जाऊन परत येत होते आणि प्रत्येक वेळी नंदीचा चेहरा माझ्याकडे होता.

मग ऑटो थांबला. आधी तू उतरलीस, मग तुझी आई, आणि मग विहीण, धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात डबी गुंडाळून, दोन्ही हातांत धरून.

तू मला मिठी मारली नाहीस. नंदीकडे पाहिलं नाहीस. धावत येऊन म्हणालीस, "आजी, लवकर, तो मोठा डब्बा लाव!"

तर तू माझ्यासाठी आली नव्हतीस, चार्जरसाठी आली होतीस. मी ते तेव्हाच समजले, आणि तरीही मला आनंद झाला. मत्सरी माणसाला आनंद कशाचाही होतो.

"उठूनच नाही राह्यला काल्पासून," विहीण म्हणाली. "उपाशी हाय."

मी ट्रान्सफॉर्मर काढला, धूळ झटकली, तार जोडली. तो गुणगुणायला लागला. नारिंगी दिवा लागला. विहीण त्याच्यासमोर फरशीवरच बसली, आजाऱ्यापाशी बसतात तशी. खुर्चीवर बसा म्हटलं तर म्हणाली, "मी बरी हावो अथंच."

चार वाजता डबी उघडली. तो खेकड्या-माशाचा बैल उभा होता. तिने बोट लावलं, त्याने उडी मारली. "हाव," ती म्हणाली, "हाय जिवंत."

आणि मग तू पहिल्यांदा माझ्या नंदीकडे पाहिलंस. चाक फिरवलंस, घुंगरू वाजवलंस. त्याच्याभोवती एक फेरी मारलीस आणि म्हणालीस, "हा पण एकटाच आहे."

तुझ्या डोक्यात जे आलं ते तू लगेच अमलात आणलंस. जोडी जुंपायची. लाकडाचा एक, डबीचा एक. पण डबीला चाकं नव्हती, ती कोणीतरी धरून चालायला हवी आणि मधून मधून बोट लावायला हवं, नाहीतर पडदा झोपतो. "माय, तू तुझा बैल धर. आजी, तू तुझा ओढ. मी मागून हाकलते."

"मी?" मी म्हटलं. "अगं, दोरी मुलांनी ओढायची असते."

"हाकलणारा मागे असतो, आजी," तू समजावून सांगितलंस. "पुढे बैल असतात."

तेव्हा तुझ्या हाताच्या उंचीला कापलेली दोरी वाकून धरून मी निघाले, आणि माझ्या डाव्या अंगाला विहीण, हातात उघडी डबी आरतीच्या तबकासारखी. मागे तू, तुरीच्या काडीचा चाबूक घेऊन. "हो! हो! सरळ चाला!"

फाटकाशी शेजारच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. "अहो, हे तुमच्या नियमात बसतं का?"

"जोडीला बसतं," मी म्हटलं.

"इनबाई, हळू वं," विहीण पुटपुटली. "जू मोडंल. पाय मिळवा."

"तुम्हीच पुढे जाताय."

"मी कायले पुढे जातो? माया बैलच चपळ हाय."

"त्याला बोट कमी लावा. बॅटरी जाते."

"हो! बोलायचं नाही!" तू मागून ओरडलीस, आणि काडी माझ्या पाठीला लागली. माझ्याच. तिच्या पाठीला लागली नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.

सगळी कॉलनी दारात आली होती. माझ्या नंदीची शिंगं कोणाला दिसली नाहीत. सगळी मुलं रांग मोडून विहिणीभोवती जमली आणि ती प्रत्येकाला एकदा बोट लावू देत होती. "हळू रे, खांदा दुखते त्याचा." तिच्या हाताशी जेवढी मुलं होती, तेवढी माझ्या अंगणात कधी जमली नव्हती. मी दोरी धरून बाजूला उभी राहिले. माझा बैल रंगाने, कामाने, वयाने, सगळ्या बाजूंनी तिच्या बैलापेक्षा चांगला होता.

परत आलो. दारात मी जोडीला ओवाळलं, आधी लाकडाच्या, मग डबीच्या. पुरणपोळीचा घास नंदीच्या तोंडाला लावला. डबीपाशी थांबले. बोटाला तूप होतं. पुस्तिकेत ओलसर हात लावू नये असं दोन ठिकाणी लिहिलं आहे. मी टोचायची काडी घेतली, तिचं टोक पुरणाला जेमतेम लावलं आणि त्या तोंडापाशी टेकवलं. मी गुण पाहून कधीच निवडलं नसतं असं ते तोंड होतं. बैलाने उडी मारली. तू टाळ्या वाजवल्यास. "आजी, जेवला! तुझ्या हातून जेवला!" आणि माझ्या कमरेला मिठी मारलीस.

विहीण उंबऱ्याशी उभी होती. ती हसत होती, पण ते हसू तिच्या डोळ्यांपर्यंत पोहोचलं नव्हतं.

"पाहा बापा," ती हळूच म्हणाली. "आवतन माया घरचं, आन जेवला तुमच्या घरी."

तो आवाज मला चांगला ओळखीचा होता. दहा दिवस तो माझ्या घशात होता. मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या कमरेभोवतीच्या तुझ्या हातांकडे पाहत होती, आणि मग कपाटाशेजारच्या त्या जड लोखंडी डब्याकडे.

जेवायला बसलो तेव्हा तिने विचारलंच. "इनबाई, ते डब्बं अथंच भेटते का कुठी?"

"यवतमाळात नाही मिळत," मी म्हटलं.

खरंच मिळत नव्हतं. तुझ्या आजोबांनी नागपूरहून आणलं होतं. तिने तेवढंच विचारलं होतं, मी तेवढंच सांगितलं. आणि तिच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली, तुपाची धार जरा सैल सोडून.